चाळीस परस

सप्तकुंडाचा धबधबा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात पाणी नव्हतं.

सातवीची सहल होती, फेब्रुवारीतली. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातला, कुशीवर पहुडलेला महापरिनिर्वाणाचा बुद्ध बघून आम्ही बाहेर उन्हात आलो आणि सरांनी दरीच्या टोकाकडे हात केला. "तो बघा, सप्तकुंड धबधबा." सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या. समोर काळा कडा होता. कड्यावर वरून खाली उतरलेला, कड्याहूनही काळा असा एक लांब ओघळ होता. देवळीत दिव्याच्या वर काजळी धरते ना, तसा. फक्त उलट्या दिशेने धरलेला. कुणीतरी विचारलं, "कुठंय, सर?" सर म्हणाले, "पावसाळ्यात असतो."

या उत्तराचं आमच्यापैकी कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्या गावची नदीसुद्धा पावसाळ्यातच असायची. उरलेले आठ महिने आम्ही 'नदीवर जाऊन येते' असं सांगून निघायचो आणि वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं घागर भरून परत यायचो. नदी हे आमच्याकडे पाण्याचं नाव नव्हतं, जागेचं होतं.

आमचं गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर, सिल्लोड तालुक्यात. खाली खानदेश, वर आम्ही. माथ्यावर जिथे काळी माती साचली आहे तिथे कापूस आणि मका; बाकीचं सगळं बरड. बरड म्हणजे काय ते अनवाणी चालल्याशिवाय कळत नाही. बोटभर मुरूम, त्याखाली कातळ. मार्चमध्ये गवत पिवळं होऊन मोडतं, एप्रिलमध्ये मोडलेलं गवतही वाऱ्यानं उडून जातं, आणि मे महिन्यात जमिनीचा खरा रंग उघडा पडतो. करपलेल्या तव्यासारखा. दुपारी त्या दगडावर हात ठेवला तर धग तळहातातून कोपरापर्यंत चढते. लहानपणी मला वाटायचं, ही जमीन उन्हानं अशी झाली. फार पुढे, कॉलेजात, कळलं की हिचा जन्मच आगीतला.

अण्णा, माझे वडील, विहिरी खोदायचे. स्वतःची शेती चार एकर, त्यातली अडीच बरड, म्हणून उन्हाळ्यात सात-आठ जणांची टोळी घेऊन ते गावोगाव जायचे. पहार, घण, टिकाव, पुढे दगड वर ओढणारी यारी आली, सुरुंग आले. त्यांच्या तोंडी खोलीचं माप मीटर-फूट असं कधी नव्हतंच. परस. माणूस हात वर करून उभा राहिला की तेवढा एक परस. 'किती परसावर पाणी लागलं?' हा आमच्या घरातला नेहमीचा प्रश्न. त्यावरून घरात येणाऱ्या पैशाचा अंदाज यायचा आणि ज्याची विहीर आहे त्याच्या घरात या वर्षी लग्न होईल की नाही याचाही.

विहीर खोदताना काय काय लागतं हे अण्णा बोटांवर सांगायचे. आधी माती. मग चुनखडीचे खडे असलेली पांढरी. मग मुरूम. मग भोकाभोकांचा दगड, जो घणानं फुटतो. मग काळा पाषाण. त्याला सुरुंगच लागतो, आणि त्यात पाणी नाही. भेग सापडली तर झरा, नाहीतर नाही. पण काळ्याच्या खाली एखादे वेळी तांबडा पट्टा लागतो, वीतभर, कधी हातभर. "तांबडं लागलं की थांबायचं नाही. त्याच्या अंगाखांद्याला पाणी असतंय," असं ते म्हणायचे. नेहमी असायचं असं नाही. आमची स्वतःची विहीर सातव्या परसावर काळ्यात अडकली आणि तिथेच राहिली. पुढच्या सुरुंगांना पैसे नव्हते. आजही ती तशीच आहे, पावसाळ्यात भरते, दिवाळीनंतर रिकामी होते.

हा सगळा दगड एके काळी वाहत होता. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. चित्रातल्यासारखा टोकदार डोंगर आणि त्याच्या तोंडातून आग, असं इथे फारसं झालं नाही. लाव्हा भेगांमधून उतू गेला, मैलोन्‌मैल पसरला, निवला. मग पुन्हा आला आणि आधीच्या थरावर पसरला. असं कितीतरी वेळा. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभागावर हा निवलेल्या लाव्ह्याचा दगड, बेसॉल्ट, आहे. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग त्यावर उभा आहे. दगडाच्या या थरांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. त्या नावातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून तो आला आहे. आमच्या डोंगराकडे लांबून पाहिलं की या नावाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

मला हे समजलं ते आजीच्या धिरड्यांमुळे. ताटात एकावर एक ठेवलेल्या धिरड्यांची चळत. प्रत्येक धिरड्याला वरच्या बाजूनं जाळी पडलेली, मधला भाग घट्ट. लाव्ह्याचंही तसंच. निवताना आतली वाफ आणि वायू वर धावतात आणि वरच्या अंगाला बुडबुड्यांची जाळी राहते. मधला भाग सावकाश थंड होतो, घट्ट होतो. तोच काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये पुरेसा काळ गेला तर खालच्या थराचा पृष्ठभाग ऊनपावसानं कुजून त्याची माती होते, आणि पुढचा लाव्हा त्या मातीला भाजून काढतो. विटेसारखा. अण्णांचं तांबडं ते हे. त्यांना कुणी भूशास्त्र शिकवलं नव्हतं, पण ते ज्या क्रमानं दगडाची नावं घ्यायचे तोच क्रम मला पुस्तकात सापडला तेव्हा मी वसतिगृहाच्या खोलीत एकटीच उठून उभी राहिले होते.

जाळीतल्या त्या भोकांमध्ये पुढे पाणी मुरलं आणि त्यातून स्फटिक वाढले. लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या फाट्यावर पोरं जे चमकणारे दगड विकायला गाडीमागे धावतात, ते हेच. बाहेरून राखाडी गोळा, फोडला की आत पांढरा, कधी जांभळट चकाकणारा गाभा.

आणि बरड असण्याचं कारणही याच दगडात आहे. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरायला जागाच नसते. जे काही मुरायचं ते मुरमात, जाळीच्या दगडात आणि भेगांमध्ये. पाऊस चार महिन्यांचा, त्यातही मोजके दिवस जोराचा. कातळ ते पाणी घेत नाही. ते उतार शोधतं, ओढ्याला लागतं आणि जातं. 1972 च्या दुष्काळात आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी खाऊन तिनं तो काळ काढला. ती सांगायची, दिवसभर दगड फोडायचा आणि एकाही दगडाच्या आत ओल दिसायची नाही. ही आठवण ती रडून सांगत नसे. तक्रार देवाकडे करावी तशी, वर बघून सांगायची.

तर सहलीनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, एका ऑगस्टमध्ये मी अण्णांना अजिंठ्याला घेऊन गेले. गावापासून लेणी काही फार लांब नाहीत, पण सत्तरी ओलांडेपर्यंत त्यांनी ती पाहिली नव्हती. "दगडच बघायचा ना, तो रोजच बघतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आदल्या रात्री माथ्यावर खूप पाऊस झाला होता. फाट्यावरून बसमध्ये बसलो तेव्हाही भुरभुर चालू होती. पायऱ्यांपाशी डोलीवाले पुढे आले. अण्णांनी हात जोडून त्यांना नमस्कार केला आणि काठी टेकत स्वतःच चढायला लागले.

आवाज आधी आला. पहिल्या लेण्याच्या अंगणात उभं राहिलं तरी तो येत होता, सततचा, खालच्या पट्टीतला. आम्ही आत गेलो, दिव्याच्या मंद उजेडात पद्मपाणी पाहिला. अण्णांनी चित्राकडे बरंच बघितलं, पण त्याहून जास्त वेळ छताकडे. मग हळूच विचारलं, "वरून खाली खोदत आले काय हे?" मी म्हटलं, हो, आधी छत, मग खाली. ते म्हणाले, "बरोबर. परांची बांधायला नको." त्या चित्रांमधला हिरवा रंग इथल्याच ज्वालामुखीच्या दगडात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा आहे, निळा मात्र दूर वायव्येकडून आलेल्या लाजवर्द नावाच्या दगडाचा. हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. विहिरीत असे हिरवे डाग दिसतात, एवढंच बोलले.

दहाव्या लेण्यात मी त्यांना जॉन स्मिथची गोष्ट सांगितली. मद्रास घोडदळातला हा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी या डोंगरात फिरत होता, समोरच्या टेकडीवरून त्याला एका लेण्याची कमान दिसली, आणि आत येऊन त्यानं खांबावर नाव कोरलं. तारीख 28 एप्रिल 1819. अण्णांनी तारखेवर बोट ठेवलं. हवेतच, खांबाला हात न लावता. "एप्रिल म्हणजे कोरडं असणार सगळं."

मी त्या लेण्याबद्दल बरंच वाचलं होतं, पण हे कधी मनात आलं नव्हतं. एप्रिलअखेर या दरीत जो येईल त्याला पानं झडलेली झाडं, तापलेला कडा आणि गोटे भरलेलं वाघोरा नदीचं पात्र दिसणार. स्मिथला दिसली ती लेण्यांची दरी, धबधब्याची नव्हे. ज्यांनी ही जागा निवडली ते मात्र वेगळ्या ऋतूतले लोक होते. भिक्षू एरवी फिरते असायचे. पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचं, तो वर्षावास. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास इथे पहिली लेणी खोदली गेली. मग मोठा खंड पडला, आणि पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात बाकीची बहुतेक झाली. दोन्ही वेळच्या भिक्षूंना ही दरी माहीत होती ती भरल्या पाण्याची. पूर्वी प्रत्येक लेण्यातून खाली नदीपर्यंत उतरायला आपापल्या पायऱ्या होत्या. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दगडी हत्ती अजून उभे आहेत, त्यांचं तोंड वर येणाऱ्याकडे आहे. म्हणजे येणारा नदीकडून यायचा. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या कानात चार महिने हा आवाज असणार, आणि मग एके दिवशी, बहुधा कार्तिकात, तो थांबला असणार. तो दिवस कसा असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

शेवटच्या लेण्यांकडे गेलं की धबधबा समोर येतो. सात टप्प्यांनी तो पडतो, प्रत्येक टप्प्याखाली एक कुंड, म्हणून सप्तकुंड. वरचे टप्पे एका नजरेत मावत नाहीत. त्या दिवशी पाणी पांढरं नव्हतं. माथ्यावरच्या शेतांची माती घेऊन आलेलं, चहासारखं लाल. ते कड्याच्या ओठावरून सुटायचं, मध्येच दगडावर आपटून पसरायचं, पुन्हा एक व्हायचं. तुषार लेण्यांच्या वाटेपर्यंत येत होते. सहलीतला तो काळा ओघळ आता पाण्याच्या मागे कुठेतरी होता.

अण्णा कठड्याला टेकून उभे राहिले. मला वाटलं, ते पाणी बघतायत. ते दगड बघत होते. काठी उचलून त्यांनी कड्यावरून वरून खाली एक रेघ ओढल्यासारखी केली. "माती. मुरूम. भोकाचा. काळा. ते बघ तांबडं." मी पाहिलं. पाण्याच्या डाव्या अंगाला कड्यात खरोखरच एक विटकरी पट्टा आडवा गेला होता. "पुन्हा काळा. परत भोकाचा." ते मोजत होते. शेवटी म्हणाले, "चाळीसेक परस. एवढी खोल मी कधी उतरलो नाही."

घोड्याच्या नालासारख्या या कड्याची उंची सुमारे 76 मीटर आहे. परसाचा हिशेब जमतो.

आयुष्यभर त्यांनी हेच थर वरून बघितले होते. दोराला लोंबकळत, खालच्या अंधारात, एका वेळी एक. इथे नदीनं ते सगळे बाजूनं कापून उन्हात ठेवले होते. विहीर उलटी करून ठेवावी तशी ती दरी होती. वाघोऱ्याला त्यासाठी सुरुंग लागला नव्हता. पाणी कठीण थराच्या ओठावरून पडतं, खालचा मऊ थर शिंतोड्यांनी आणि गोट्यांनी पोखरतं, आधार गेला की वरचा ओठ तुटून पडतो, आणि धबधबा थोडा मागे सरकतो. प्रत्येक पावसाळ्यात थोडं. दगडाचे थर ठरवतात टप्पे कुठे पडायचे, म्हणून ते पायऱ्यांसारखे. 'ट्रॅप' शब्द ज्या पायऱ्यांवरून आला त्याच.

मग अण्णांनी विचारलं, "हे पाणी जातं कुठं?"

मला ते उत्तर माहीत होतं आणि ते त्यांना सांगायला मला नको वाटत होतं. अजिंठ्याची रांग हा पाणलोटाचा उंबरठा आहे. माथ्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस पूर्णेतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. उत्तरेच्या काठावरचा वाघोऱ्यात येतो, इथे कड्यावरून उडी मारतो, पुढे वाघूर म्हणून खानदेशात उतरतो आणि तापीला मिळतो. जळगावजवळ या नदीवर धरण आहे. तिथून तापी, सुरत, अरबी समुद्र. आमच्या माथ्यावरची माती रंगात मिसळून आमच्या डोळ्यांदेखत खाली चालली होती.

"खानदेशात," मी म्हटलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तिथंबी विहिरीच आहेत."

हे त्यांनी अगदी सरळ म्हटलं. त्यात दुःख लपवलेलं नव्हतं आणि मोठेपणाही नव्हता. पाणी कुणाच्या तरी विहिरीत उतरेल, एवढी माहिती त्यांना पुरेशी होती. मला ती पुरेशी नव्हती, अजूनही नाही. टँकरच्या मागे कळशी घेऊन धावलेल्या मुलीला एवढं पाणी पडताना बघून डोळ्यांचं पारणं फिटतं म्हणणं जमत नाही. छाती भरून येते आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडतो. लोक धबधब्यासमोर फोटो काढत होते, ओरडत होते, आणि मी मनात घागरी मोजत होते.

कुंडाकडे लक्ष वेधलं तेही अण्णांनीच. सगळ्यात खालच्या कुंडात पाणी गरगर फिरत होतं. त्यांनी विचारलं, "त्याचा तळ काळ्यातच असणार?" असणार. निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत ते असेच झालेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं एकाच जागी फिरतात आणि दगडात रांजण कोरतात. "मग ते गळत नसणार," अण्णा म्हणाले. "काळा पाषाण पाणी पीत नाही. पण त्याला खड्डा केला तर सोडत बी नाही."

कान्हेरीच्या डोंगरात मी नंतर शिलालेख बघितले. दान देणाऱ्यांनी काय दान दिलं ते त्यांत लिहिलेलं असतं: लेणं, आणि बऱ्याचदा त्याच्याबरोबर 'पोढी'. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. कातळात चौकोनी खोदलेलं, पावसाचं पाणी पन्हळींनी आत वळवलेलं. जुन्नरला, नाशिकला, कार्ल्याला, सगळीकडे हीच तजवीज. आमच्या किल्ल्यांवर जी टाकी आहेत तीही याच घराण्यातली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी या दगडाचा स्वभाव ओळखला होता: हा शोषून घेणार नाही, तर मग याला ओंजळ करायला लावू. विहीर खोदणारे आम्ही दगडाच्या आत पाणी शोधत राहिलो. टाकं खोदणाऱ्यांनी दगडाला पाणी मागितलंच नाही, ते वरून आणून त्याच्या हातात ठेवलं. आणि धबधबा हे त्यांच्याही आधीपासून करत आला आहे, छिन्नीशिवाय, सात ठिकाणी.

परतताना अण्णा बसमध्ये खिडकीशी बसले. ओढ्याच्या पुलावरून जाताना त्यांनी मान वळवून खाली पाहिलं, तेवढंच.

या वर्षी मे महिन्यात मी पुन्हा गेले, एकटीच. लेण्यांकडे वळलेच नाही. समोरच्या टेकडीवरच्या पॉइंटवर चढले, स्मिथ उभा होता म्हणतात तिथे. सकाळचे दहा वाजले होते आणि दगड तापायला लागला होता. खाली सगळी दरी तांबूस-काळी, एकही हिरवं पान नसल्यासारखी. लेण्यांची तोंडं ओळीनं उघडी. ओघळ पुन्हा आपल्या जागी होता, वरपासून खालपर्यंत. मी अण्णांना फोन लावला. हल्ली ते घराबाहेर फारसे पडत नाहीत, गुडघे धरलेत.

"पाणी नाही, अण्णा," मी सांगितलं. "कडा कोरडा आहे."

"ते माहीत आहे. कुंडात बघ."

मी कठड्याच्या अगदी जवळ गेले. उन्हानं डोळे दिपत होते. मग दिसलं. कड्याच्या मुळाशी, सावलीत, पाण्याचा एक तुकडा. हिरवा, शांत.

"आहे."

"किती?"

"इथून कळत नाही. परसभर तरी असेल."

"माकडं उतरतात का?"

मी थांबून पाहिलं. दोन वानरं कुंडाच्या काठावर होती, एक पोटाशी पिल्लू घेऊन. तिनं पुढचे दोन्ही हात काठावरच्या दगडावर टेकले आणि मान खाली घातली.

"पितायत," मी म्हटलं.

"मग जून लागेपर्यंत चालंल," अण्णा म्हणाले, आणि चहा झाला का म्हणून विचारलं.